अजिंठा-सातमाळ्याच्या दऱ्या, गर्दी ओसरल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दर वर्षी दोनदा येतात. एकदा गणपती उठले की, आणि एकदा शिवरात्र जवळ आली की. इथे मुख्यतः अजिंठ्याच्या वाघूर दरीबद्दल लिहिलं आहे. सोबत वेरूळ, म्हैसमाळचं पठार, गौताळ्याचं अभयारण्य आणि पितळखोऱ्याची लेणी आहेत. शेवटी बीडकडच्या बालाघाट डोंगराचाही एक प्रश्न घेतला आहे.

१. गर्दी नेमकी कधी नसते?

दोन पट्टे धरा. पहिला कोजागिरी ते वसुबारस, जेमतेम अकरा-बारा दिवसांचा. पाऊस बहुतेक गेलेला असतो, दिवाळीची सुट्टी लागायची असते आणि घराघरांत साफसफाई चाललेली असते, त्यामुळे कुणी बाहेर पडत नाही. दुसरा पट्टा महाशिवरात्र संपल्यावर सुरू होतो आणि गुढीपाडव्यापर्यंत चालतो. तो महिनाभराचा. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात, त्यामुळे ज्या घरात परीक्षार्थी आहे ते घर हलत नाही.

या दोन पट्ट्यांच्या मध्ये, दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत, शाळांच्या सहली येतात. डिसेंबरात लेण्यांसमोर एका मागे एक एसटी गाड्या लागलेल्या दिसतात आणि लेण्याच्या आत मुलांच्या गलक्यात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. श्रावण-भाद्रपदातले शनिवार-रविवार धबधबे पाहणाऱ्यांचे.

पितृपक्षातही शुकशुकाट असतो, खोल्याही स्वस्त मिळतात. पण तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. भिजायची तयारी असेल तर तो तिसरा पट्टा समजा.

२. तारखा दर वर्षी बदलतात. मग कॅलेंडर पाहायचं की पंचांग?

गर्दीसाठी पंचांग, पाणी आणि उन्हासाठी कॅलेंडर. दोन्ही जुळवून पाहावं लागतं. नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते.

२०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्यामुळे कोजागिरीनंतरचे दिवस ऑक्टोबरच्या मध्यावर आले. ओढ्यांना पाणी होतं, दुपारी उकाडाही होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे शांत दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. हवा चांगली, सकाळी गारवा, पण धबधब्याच्या जागी ओला कातळ आणि एखादी बारीक धार.

वसंतातला पट्टाही असाच सरकतो. २०२६ मध्ये शिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि पाडवा १९ मार्चला होता. २०२७ मध्ये शिवरात्र ६ मार्चला आणि पाडवा ७ एप्रिलला आहे. त्या वर्षी गर्दी टळेल, पण ऊन टळणार नाही. २०२७ ला जायचं असेल तर शिवरात्रीआधीच, फेब्रुवारीच्या मध्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी उरकून घ्या.

३. शरद चांगला की वसंत? एकदाच जमणार आहे.

हिरवं आणि वाहतं पाहायचं तर ऑक्टोबर. सोनकी, तेरडा संपत आलेले असतात, पण गवत कंबरेइतकं आणि सोनेरी व्हायला लागलेलं असतं. सीताफळं रस्त्यावर विकायला येतात. डोळा उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधली भेग पांढरट-पिवळी झालेलं फळ घ्या. ते एक-दोन दिवसांत पिकतं. गच्च हिरवं घेतलं तर घरी जाऊन काळंच पडतं.

वसंतात दरी उघडी पडते. पानगळ झालेली असते, पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, आणि कड्यातली लेणी समोरच्या डोंगरावरून एकेक मोजता येतात. ऑक्टोबरात तीच जागा झाडोऱ्यानं अर्धी झाकलेली असते. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ही लेणी दिसली ती तारीख २८ एप्रिल १८१९ होती, हे लक्षात घ्या. ऐन पानगळीनंतरचे दिवस ते.

आमचं मत विचाराल तर लेण्यांसाठी फेब्रुवारीची अखेर, डोंगरासाठी ऑक्टोबर.

४. ऊन, थंडी किती असते? कपडे काय घ्यावेत?

ऑक्टोबरात दिवसा ३१-३२ अंश, रात्री २० च्या आसपास. आकडा सौम्य वाटतो, पण हवेत दमटपणा असतो आणि लेण्यांपुढचा काळा कातळ तापतो. नोव्हेंबरात पहाटे १५ पर्यंत उतरतं. फेब्रुवारीत दुपार ३२ ची, मार्चच्या मध्यानंतर ३६ आणि पुढे.

सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, उपरणं किंवा स्कार्फ, आणि पायात पकड असलेले बूट. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, म्हणून पटकन निघणारे हवेत. मार्चमध्ये मोजे जवळ ठेवा. उन्हात तापलेल्या दगडावरून अनवाणी दहा पावलं चालतानाही चटके बसतात. पाणी ऑक्टोबरात माणशी दोन लिटर, मार्चमध्ये तीन.

५. लेणी कोणत्या वारी बंद असतात?

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. अजिंठा सकाळी ९ ते ५.३०. वेरूळ सूर्योदयाच्या सुमाराला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. भारतीयांसाठी तिकीट ४० रुपये आहे, ऑनलाइन काढलं तर ३५. पंधरा वर्षांखालच्यांना लागत नाही.

दोन दिवसांत दोन्ही करायचं तर बुधवार-गुरुवार किंवा गुरुवार-शुक्रवार. रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा असा बेत करून अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या फाटकावरून परत फिरणारे आजही दिसतात. सोमवारी सण आला तरी त्या दिवशी उघडं असेल असं धरू नका.

६. मराठवाड्यातून अजिंठ्याला जायचं कसं? संभाजीनगरला जाऊनच जावं लागतं का?

नाही. जालना, परभणी, नांदेडकडच्यांनी स्वतःच्या गाडीनं जालना-भोकरदन-सिल्लोड असं जावं. संभाजीनगरचा वळसा वाचतो. बीड, धाराशिव, लातूरकडच्यांना मात्र संभाजीनगरच सोयीचं.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा लेणी सुमारे १०० किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणारी गाडी पकडा. ती फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव करत घाट उतरून फर्दापूरला जाते. अडीच ते तीन तास धरा. तिकीट काढताना वाहकाला ‘अजिंठा’ नव्हे, ‘अजिंठा लेणी फाटा’ म्हणा. अजिंठा गाव घाटाच्या वर आहे, लेणी घाट उतरल्यावर. गावात उतरलात की पुढच्या गाडीची वाट पाहत बसावं लागतं.

महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ असू द्या.

७. गाडी थेट लेण्यांपर्यंत जाते का?

जात नाही. फाट्यावर वाहनतळ आहे, तिथून लेण्यांच्या पायथ्याशी सुमारे चार किलोमीटर. हे अंतर एसटीच्या बसनं जायचं. फाट्यावरचं सुविधा शुल्क आणि या बसचं तिकीट लेण्यांच्या तिकिटाहून वेगळं असतं. सुट्टे पैसे बाळगा, दरीत मोबाइलची रेंज कमी-जास्त होते आणि यूपीआय नेमकं खिडकीसमोर अडकतं.

गर्दी नसतानाचा तोटा इथे जाणवतो. डिसेंबरात बस भरली की सुटते आणि ती लगेच भरते. ऑक्टोबरच्या मंगळवारी थांबावं लागतं. जाता-येता मिळून पाऊण तास जास्तीचा धरा. परतीसाठी पाचच्या आत थांब्यावर या. शेवटची गाडी हुकली तर काय, ते प्रश्न १५ मध्ये.

८. कोणती लेणी आधी पाहावीत?

चित्रांसाठी १, २, १६ आणि १७. इथे एका वेळी ठरावीक माणसांनाच आत सोडतात. शिल्पांसाठी १९ आणि २६. सव्विसाव्यातला निर्वाणाचा बुद्ध बघायला वेळ ठेवाच.

सगळे जण पहिल्या लेण्यापासून सुरू करतात. एखादी मोठी टोळी तुमच्याच बसनं आली असेल तर तिला तिथे सोडून सरळ २६ पर्यंत चालत जा आणि उलटं या. पहिलं-दुसरं लेणं जेवणाच्या वेळेला मोकळं मिळतं. आत गेल्यावर लगेच चित्र शोधू नका. दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला भिंत तपकिरी दिसते, मग हळूहळू पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मुकुटाची नक्षी वर येते. फ्लॅश चालत नाही, मोबाइलची बॅटरी चित्रांवर मारू नका, तिपाईला परवानगी लागते.

दहाव्या लेण्यात त्या स्मिथनं खांबावरच्या चित्रावर कोरलेलं आपलं नाव अजून आहे, डोळ्यांच्या पातळीहून बरंच वर. तो उभा होता तो मातीच्या ढिगावर. ढीग निघाला, नाव राहिलं. त्याचा कित्ता कुणी गिरवू नये.

९. व्ह्यू पॉइंटला खालून चढावं की वरून गाडीनं जावं?

ऑक्टोबरात आणि गुडघे ठीक असतील तर खालून. लेण्यांसमोर वाघूरवर पूल आहे, तो ओलांडून पायऱ्या आणि पायवाट चढते. पाऊण तास धरा. सकाळी आधी हे करा, लेणी नंतर. उलट क्रमानं केलंत तर भर दुपारी सावली नसलेला चढ वाट्याला येतो. गवत उंच असल्यानं पाऊल कुठे पडतं ते दिसत नाही, आणि फुरसं, घोणस याच दिवसांत वाटेवर येतात. हातात काठी ठेवा, ती पुढे आपटत चाला.

मार्चमध्ये वरून जा. अजिंठा गावाकडून लेणापूरच्या बाजूनं रस्ता आहे. सूर्य कलल्यावर कड्याची घोड्याच्या नालेसारखी कमान एका नजरेत येते. वर खायला-प्यायला काही मिळेल असं धरू नका.

१०. अजिंठ्याच्या दरीतल्या सप्तकुंड धबधब्याला पाणी कधीपर्यंत असतं?

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चांगलं, नोव्हेंबरात धार, फेब्रुवारीत फक्त कुंडातलं साचलेलं. कारण साधं आहे. वरचं पठार बेसाल्टचं, त्यावर मातीचा थर पातळ. पाऊस मुरतो कमी आणि वाहून जातो जास्त. हे पाणी वाघूरनं तापीला जातं. त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मात्र गोदावरीकडे वळतो.

कुंडात उतरू नका. कडा शेवाळी असतात आणि खोली एकसारखी नाही. परतीचा पाऊस चालू असेल तर आणखी एक खूण पाहा. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, की वर पाऊस झालेला आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पात्रातून लगेच बाहेर या.

११. ऑक्टोबरात पाऊस येतो का? विजांची भीती?

येतो, बहुधा दुपारी तीननंतर, आणि विजा घेऊन येतो. सकाळ स्वच्छ असते म्हणून लोक गाफील राहतात. व्ह्यू पॉइंट, म्हैसमाळचं पठार, किल्ल्याचा माथा अशा उघड्या जागा दोनच्या आत सोडायच्या. ढगांचा गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा किंवा खाली उतरा.

१२. वेरूळ आणि म्हैसमाळ एका दिवसात होतं का?

होतं. पहाटे म्हैसमाळ, मग वेरूळ. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कैलासावर दुपारनंतर ऊन येतं आणि शिल्पं उठून दिसतात. एकूण ३४ लेणी जवळपास दोन किलोमीटरच्या ओळीत आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. पायी सगळं करायचं तर सहा तास. वेळ कमी असेल तर १०, १२, १६, २९ आणि ३२.

म्हैसमाळ खुलताबादपासून १२ किलोमीटर, उंची हजार मीटरच्या थोडी वर. गिरिजामातेचं देऊळ आणि पठाराच्या कडा, एवढंच. पावसाळा सरला की टपऱ्या बंद होतात, म्हणून चहाचा थर्मास आणि नाश्ता सोबत न्या, पेट्रोल खालीच भरा. मार्चअखेरीस हे पठार रखरखीत असतं. तेव्हा वगळलंत तरी चालेल.

१३. शांत दिवस धरून गेलो तरी तोबा गर्दी मिळाली. असं का होतं?

जत्रा. पंचांगातल्या काही तारखा सगळा हिशेब बिघडवतात:

- नवरात्र: पाटणादेवी, माहूर, तुळजापूर या बाजू टाळा. अजिंठा मात्र तेव्हा निवांत असतो.
- महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार: घृष्णेश्वरामुळे वेरूळचा रस्ता तुंबतो.
- हनुमान जयंती: खुलताबादचा भद्रा मारुती. आदल्या रात्रीपासून पायी येणाऱ्यांची रांग असते.
- नाथषष्ठी, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी: पैठण लांब आहे, पण एसटीच्या गाड्या यात्रेकडे वळवल्या जातात आणि तुमची नेहमीची फेरी रद्द होते. ऐन वसंतातल्या पट्ट्यात येणारी ही तारीख सर्वांत जास्त लोकांना चकवते. त्या दोन-तीन दिवसांत निघायचं तर आदल्या दिवशी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारा.
- धुळवड: दुपारपर्यंत खानावळी बंद.

१४. खोली आणि जेवण मिळेल का? भाव कमी होतो का?

आठवड्याच्या मधल्या वारी सहज मिळते. फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, शिवाय खासगी लॉज. खोली पाहून, फोनवर नव्हे तर काउंटरवर भाव विचारा. मार्चमध्ये भावाआधी एक प्रश्न विचारा: पाणी बोअरचं की टँकरचं? टँकरचं असेल तर सकाळी किती वाजेपर्यंत नळाला येतं, तेही. ऑक्टोबरात हा प्रश्न पडत नाही. तेव्हा खिडक्यांना जाळ्या आहेत का ते पाहा, डास असतात.

जेवणाचं गणित वेगळं. गिऱ्हाईक कमी म्हणून स्वयंपाक आधी करून ठेवत नाहीत. लेण्यांकडे जातानाच ‘तीन वाजता चार माणसं, पिठलं-भाकरी’ असं सांगून जा. खानदेशाची हद्द लागूनच असल्यानं शेवभाजी आणि भरीतही चांगलं मिळतं. तिखट कमी हवं असेल तर तेही आधीच सांगा.

१५. लेण्यांवरून फाट्याकडची शेवटची बस हुकली तर?

पहारेकरी किंवा तिकीट खिडकीवरच्या माणसाला लगेच सांगा. कर्मचारी परतत असतात, त्यांच्याबरोबर बहुधा सोय होते. नाहीतर चार किलोमीटर डांबरी रस्ता आहे, बॅटरी लावून गटानं चाला. आडवाटेनं नदीपात्र तुडवत जाऊ नका. फाट्यावरून जळगाव किंवा संभाजीनगरची एसटी हात दाखवून थांबते, पण अंधारात चालकाला तुम्ही दिसायला हवेत. दिव्याखाली उभे राहा.

१६. गौताळा आणि पितळखोऱ्याला स्वतः जाता येतं का?

येतं, पण हे अभयारण्य आहे. १९८६ मध्ये जाहीर झालं, साधारण २६० चौरस किलोमीटर, कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत. वनखात्याच्या फाटकावर नोंद करून, शुल्क भरून आत जायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. बिबट्या, अस्वल, नीलगाय आहेत. गाडीतून खाली उतरून फोटो काढणं सोडा.

फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस. वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेट घेतं. विडी, चूल, शेकोटी काही नको.

पितळखोरा कन्नडहून कालीमठाच्या बाजूनं. वरून पायऱ्यांनी दरीत उतरायचं, ओढा ओलांडायचा, मग लेणी. जोत्यावर ओळीनं कोरलेले हत्ती पाहण्यासाठी एवढं उतरणं सार्थ आहे. ऑक्टोबरात ओढ्यातले दगड घसरडे असतात, मार्चमध्ये मधमाश्यांचा धोका (प्रश्न १७). खाली पाणी, टपरी काही नाही. चढताना लागणारं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा आणि तिला आधी हात लावू नका.

चाळीसगावकडून येणाऱ्यांसाठी: कन्नड घाटात, म्हणजे औट्रम घाटात, ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीनं दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली होती. जोराचा परतीचा पाऊस झाला असेल तर एक दिवस थांबा. जड वाहनांना या घाटात बंदी आहे, मिनीबस ठरवताना चालकाला आधीच विचारून घ्या.

१७. आग्या मोहोळ उठलं तर काय करायचं?

कड्यांच्या पोटाला मोठी पोळी लटकतात. वसंतात जास्त. अत्तर, सेंट, उदबत्ती, सिगारेट, पोळ्याकडे रोखलेला कॅमेऱ्याचा फ्लॅश, आरडाओरडा आणि गलोल-दगड, यांनी माश्या चवताळतात. माकडानं पोळं हलवलं तरी उठतात, त्यात तुमचा काही दोष नसतो.

उठल्या तर हात झाडू नका. उपरणं डोक्या-तोंडावर घ्या, वाकून आल्या वाटेनं लवकरात लवकर दूर व्हा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटा जितक्या लवकर निघेल तितकं कमी विष आत जातं. नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून काढा. चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा बरेच डंख बसले असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट सिल्लोड किंवा कन्नडच्या रुग्णालयात.

१८. आजी-आजोबा, लहान मूल सोबत आहे. झेपेल का?

वेरूळचं कैलास सहज. अजिंठ्याला सुरुवातीचा चढ दमवतो. तिथे डोली मिळते, भाव आधी पक्का करा: जाणं-येणं मिळून किती, आणि वाटेत थांबायची वेळ धरून की सोडून. पितळखोरा आणि व्ह्यू पॉइंटचा खालचा चढ नको.

१९. आम्ही बीडकडचे. जवळ काही आहे का?

सौताडा. पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी कड्यावरून उडी घेते, खाली दरीत रामेश्वराचं देऊळ. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जा, पुढे कडा कोरडा पडतो. वसंतात जाण्यात अर्थ नाही. मांजरसुंब्याजवळचं कपिलधारही दरीतच आहे, पण कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींची मोठी यात्रा भरते. शांतता हवी तर ते चार-पाच दिवस सोडा, यात्राच पाहायची तर तेच धरा.